ओळखीचे नऊ दिवस

जेवण झालं की शालनचं अंग तापायला लागलं, ते मार्गशीर्षात.

थंडी मी म्हणत होती. आणि अशा थंडीत भर दुपारी ताटावरून उठून ही बाई परसातल्या पायरीवर जाऊन बसायची, पदरानं वारा घ्यायची आणि वर "उकडतंय वो" म्हणायची. सर्जेरावांनी पाठीला हात लावून पाहिला तर नुकत्याच उतरवलेल्या तव्याची धग. थर्मामीटर लावला, एकशे दोन. दीड तासानं ताप उतरला तो थेट सत्त्याण्णववर. संध्याकाळी भाकरी खाल्ली, पुन्हा एकशे दोन.

"बायकास्नी ह्या वयात वाफा येत्यात," शालन म्हणाली. "तुमाला काय कळणार त्यातलं?"

सर्जेराव खोचीकर तीस वर्षं साखर कारखान्यात पॅनमन. उकळत्या पाकाचा थेंब काचेवर घेऊन उजेडात धरायचे आणि दाणा कितपत बसलाय ते मीटरच्या आधी सांगायचे. बायकांच्या वाफांतलं मात्र त्यांना खरंच काही कळत नव्हतं, म्हणून ते गप्प बसले. चांगले दोन आठवडे गप्प बसले. पुढं हे दोन आठवडे त्यांना फार खुपले. खरं तर त्यानं काही फरक पडणार नव्हता. पडायचा तो फरक नवरात्रातच पडून गेला होता.

नवरात्रात शालनच्या अंगात मुंग्या सोडल्या होत्या.

कंपनीनं त्यांना ठेवलेलं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. साखरेच्या मागं लागणाऱ्या बारीक जिवाला आपल्याकडं एकच नाव आहे, म्हणून लोक त्यांना मुंग्या म्हणायला लागले. आधी त्या कारखान्यात आल्या. उसाचा रस आटवायच्या भांड्यांत हजारो नळ्या असतात आणि नळ्यांच्या आत किटण चढतं. पूर्वी कॉस्टिक सोडा उकळून, मग ब्रश घालून माणसं ते खरवडायची. मग एका हंगामात कंपनीची माणसं आली आणि त्यांनी भांड्यात बाटलीभर करडं पाणी ओतलं. त्या पाण्यात अब्जावधी यंत्रं होती. एकेक यंत्र रक्तातल्या तांबड्या पेशीच्या दहाव्या हिश्श्याएवढं. कार्बनचं कवच, आत एक चिमटा, हिशेब करणारे चार रेणू आणि इंधन म्हणून भोवतालची साखर. किटणाचा एकेक कण उचलायचा आणि रसात सोडून द्यायचा, एवढंच काम. पंधरा दिवसांत नळ्या आरशासारख्या झाल्या.

या यंत्रांना वरून कुणी हुकूम देत नाही. हुकूम ऐकायला त्यांना कानच ठेवलेले नाहीत. म्हणून त्यांना ओळख शिकवतात. नव्या मुंग्या सोडल्या की पहिल्यांदा त्या काहीच करत नाहीत. नुसत्या हिंडून बघतात आणि वाटेत भेटतील त्या दुसऱ्या मुंग्यांशी आपलं मोजमाप ताडून घेतात. सगळ्यांचं जुळलं की ठरलं: जे दिसलं ते बरोबर. त्यानंतर त्याहून वेगळं जे दिसेल ते जास्तीचं, आणि जास्तीचं ते काढून टाकायचं.

एका वर्षी कारखान्यात घाई झाली आणि अर्धवट साफ केलेल्या भांड्यात मुंग्या सोडल्या गेल्या. त्यांनी किटणालाच नळी समजून घेतलं आणि हंगामभर ते जिवापाड जपलं. शेवटी केमिस्ट अत्तारांनी भांडं रिकामं केलं, कॉस्टिकनं उकळलं आणि नव्या मुंग्या सोडल्या. दोन पाळ्यांचं काम. पुढं महिनाभर त्यावर कँटीनमध्ये हसाहशी चालली होती. हसणाऱ्यांत सर्जेराव पुढं होते.

मग त्याच कंपनीनं माणसांसाठी मुंग्या काढल्या. शालनला बारा वर्षांचा मधुमेह. पोटावर सुया टोचून टोचून जागा उरली नव्हती आणि डाव्या डोळ्याला धुरकट दिसायला लागलं होतं. कारखान्याच्या आरोग्य योजनेत नाव घातलं, आठ महिने वाट पाहिली आणि ऐन घटस्थापनेच्या आदल्या दिवशी शहरातल्या हॉस्पिटलमधून फोन आला. उद्याचा नंबर रिकामा आहे, येताय का?

"देवी पावली," शालन म्हणाली.

नंबर रिकामा का पडला, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. उत्तर अगदी सोपं होतं. बाकीच्या लोकांनी उपवास आहेत म्हणून खरं सांगून तारखा पुढं ढकलल्या होत्या.

हॉस्पिटलात शालनला वजनाला आत नेलं आणि काउंटरवरच्या मुलीनं सर्जेरावांपुढं टॅब धरला. "काका, पुढचे नऊ दिवस ओळखीचे. गोळ्या, इन्सुलिन बंद. पेशंटचा आहार नेहमीचा राहील ना? उपवास वगैरे काही?"

शालन नवरात्र करते, हे सर्जेरावांना ठाऊक होतं. पण खरं सांगावं तर नंबर जाणार, पुन्हा आठ महिने आणि तोवर डोळा जाणार. आणि हिचा उपवास तो काय! एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा, शेंगदाणे, रताळी, राजगिऱ्याचे लाडू. रोजच्यापेक्षा चार घास जास्तच.

"न्हाई न्हाई, खाणंपिणं एकदम बरोबर असतंय," ते म्हणाले आणि त्यांनी टॅबवर बोटानं सही केली.

ते नऊ दिवस सर्जेराव घरी नव्हतेच म्हटलं तरी चालेल. दसऱ्याला बॉयलर पेटवायचा, पॅनची आणि साखरेचे दाणे निथळायच्या यंत्रांची कामं अर्धी राहिलेली. सकाळी सातला डबा घेऊन जायचे ते दिवेलागणीला यायचे. शालन घटापाशी बसलेली असायची. जेवलीस का म्हटलं की "झालं" म्हणायची. नवव्या दिवशी तपासणीला गेले तर डॉक्टर खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. साखर बासष्ट! बारा वर्षांत कधी न पाहिलेले आकडे. ओळख पक्की झाली, मुंग्यांनी कुलूप लावून घेतलं आणि दसऱ्याला शालननं बारा वर्षांनी पुरणाची पोळी गुळवणीत बुडवून खाल्ली. तासाभरानं साखर मोजली, चौसष्ट. दिवाळीत जिलेबी खाल्ली, चौसष्ट. साखरेचं खाणार त्याला देव देणार, असं सर्जेराव गल्लीभर सांगत फिरले. शालन बारीक होत चालली होती, तर बायका येऊन विचारायच्या, काय करतीस गं, आम्हालाबी सांग. त्यामुळं ती खूश होती आणि तेही खूश होते.

पौषात शालन मोरीत चक्कर येऊन पडली, तेव्हा तिचं वजन अडुसष्टवरून सत्तेचाळीसवर आलं होतं.

हॉस्पिटलातल्या त्या डॉ. कब्बूर चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी दोन दिवस तपासण्या केल्या आणि तिसऱ्या दिवशी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "शालनताई, त्या नऊ दिवसांत तुम्ही काय खात होता?"

शालन खाली बघत राहिली.

"सांग की," सर्जेराव म्हणाले. "उपवासाचंच खात होती, डॉक्टर. साबुदाणा, दूध..."

"लवंगा," शालन म्हणाली.

"आणि?"

"सकाळी दोन, सांजच्याला दोन. आणि पाणी. ह्या वर्षी नवस बोलले होते. मुंग्या मानवू देत, डोळा ऱ्हाऊ दे, म्हणून कडक धरला." मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "तुमी हसला असता."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना राग आला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं, असं सर्जेरावांना वाटलं.

"मुंग्या तुमच्या शरीराला कधी भेटल्या? उपाशी असताना," त्या सावकाश सांगू लागल्या. "रक्तातली साखर, चरबी, प्रथिनांचे तुकडे, सगळं नऊ दिवसांच्या उपाशी माणसाचं. त्यांच्या लेखी तुमचं शरीर म्हणजे ते. आता तुम्ही घास खाल्ला, तो पचला, रक्तात उतरला, की त्यांना ते जास्तीचं वाटतं. त्या ते जाळून टाकतात. ताप येतो तो त्या जळण्याचा. सुरुवातीला तुमचं शरीर ती धग जिरवत होतं, अंग खंगलं तसं ते जमेना. तुमच्या अंगाला अन्न लागतच नाही. स्नायूंना, यकृताला वाटतं आपण अजून उपवासात आहोत. ती मग साठवणीतलं वापरतात, आणि साठवण संपत आलीय."

"मग त्यास्नी परत शिकवा की," सर्जेराव म्हणाले. "नवी ओळख करून द्या."

"कुलूप उघडत नाही. मुद्दामच तसं केलंय. सुरुवातीच्या मुंग्यांना बाहेरून संदेश देता यायचा. परदेशात कुणीतरी खोटे संदेश पाठवून माणसं मारली. त्यानंतर कायदा झाला, एकदा ओळख पटली की बाहेरून काही बदलता येता कामा नये."

"शिरेतनं अन्न दिलं तर?"

"आज सकाळी देऊन पाहिलं. एकशे चार ताप."

"रक्त गाळून घ्या."

"पुढच्या आठवड्यापासून घेणारच आहे. पण निम्म्या मुंग्या रक्तात नसतात. यकृतात, हाडांच्या पोकळीत मुक्काम करून असतात. गाळल्या की उरलेल्या दुपटीनं कामाला लागतात. या मुंग्यांचं आयुष्य तीन वर्षं. मग त्या आपोआप विरघळतात."

तीन वर्षं. त्यांतले तीन महिने झाले होते.

मग डॉक्टरांनी टॅब फिरवला. त्यावर 'आहार नेहमीचा, उपवास नाही' अशी ओळ होती आणि खाली सर्जेरावांची बोटानं केलेली वाकडी सही. "हे मला विचारायला लागतं," त्या म्हणाल्या. "हे कुणी सांगितलं होतं?"

शालन पुढं वाकून उजव्या डोळ्यानं ती ओळ वाचत होती. वाचून झाल्यावर ती मागं सरकून बसली. एसटीत तिनं डोळे मिटून घेतले. तिनं चार शिव्या घातल्या असत्या, कपाळ बडवून घेतलं असतं, तर सर्जेरावांना कुठंतरी आधार मिळाला असता. घरी पोचल्यावर ती तुळशीला पाणी घालून आली आणि म्हणाली, "तुमी माझ्या डोळ्यासाठीच बोलला. मीबी डोळ्यासाठीच उपास धरला. आता कुणी कुणाला काय म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी सर्जेराव रजेवर असूनही कारखान्यात गेले. हंगाम भरात होता, मळीचा वास, ऊस ओतायच्या गव्हाणीवर गाड्या. अत्तार प्रयोगशाळेत रसाचा नमुना तपासत होते. तीस वर्षांची दोस्ती. सर्जेरावांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं आणि विचारलं, "अत्तारभाई, त्या वर्षी भांड्यातल्या मुंग्या कशा काढल्या आपण? सगळ्या निघाल्या का?"

अत्तारांनी नळी स्टँडला लावली. "निघाल्या की. एकपण राहिली नाही."

"कशा?"

"तुला माहीत हाय कशा."

"सांगा तरी."

"भांडं रिकामं केलं. कॉस्टिक भरलं. एकशे पाच डिग्रीला आठ तास उकळलं." अत्तारांचा आवाज खाली गेला. "सर्जेराव, कार्बनचं कवच हाय ते. त्याहून कमी उष्णतेला काय होत नाही त्याला. माणसाचं अंग तर त्रेचाळीसलाच..."

"मला ठाऊक होतं," सर्जेराव म्हणाले. "मुंग्या जे बघतात तेच धरून बसतात, हे मी ह्या डोळ्यांनी बघितलं होतं. किटणाला नळी समजल्या म्हणून मी हसलो होतो. ती पोरगी टॅब घेऊन माझ्यापुढं उभी होती, तवा मला आठवू नये?"

अत्तारांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. सर्जेराव ओंजळीत तोंड घालून रडले. बाजूच्या टेबलावरच्या दोघी केमिस्ट मुली उठून बाहेर गेल्या. अत्तारांनी कंपनीच्या तीन माणसांना फोन लावले. तिघंही नम्र होते, तिघांनीही कळवळा दाखवला आणि तिघांनीही डॉ. कब्बूर म्हणाल्या तेच सांगितलं. एकानं मात्र एक नवी गोष्ट सांगितली. कंपनीकडं दुसऱ्या जातीच्या मुंग्या आहेत, अंगात शिरलेल्या परक्या वस्तू शोधून फोडणाऱ्या.

सर्जेराव तसेच थेट हॉस्पिटलात गेले. धावत जिना चढले. डॉ. कब्बूरांना त्या मुंग्यांची माहिती होती.

"मी दोन दिवसांपासून त्यांच्याच मागे आहे," त्या म्हणाल्या. "त्याही आधी नऊ दिवस बघतात आणि ठरवतात, शरीरात आपलं काय, परकं काय. शालनताईंच्या रक्ताच्या थेंबाथेंबात आत्ता पहिल्या मुंग्या आहेत. नव्या येणार, बघणार, आणि त्यांनाच आपलं समजणार. मग गाळणीनं काढायला गेलो तर या त्यांना जपतील. आगीतून फुफाट्यात."

सर्जेराव आले तसे जिना उतरून गेले.

त्यानंतरचे दोन महिने खोचीकरांच्या घरात एकच काम चाललं, शालनला खायला घालणं. डॉक्टरांचा हिशेब असा की थोडं थोडं सतत दिलं तर मुंग्यांच्या तोंडून निसटून काहीतरी अंगाला लागेल. मुलगी वृषाली पुण्याहून डबेच्या डबे पावडरी पाठवायची आणि रोज व्हिडिओ कॉलवर वाटी रिकामी झालेली बघायची. सर्जेराव दर अर्ध्या तासानं दोन चमचे भरवायचे. पेज, डाळीचं पाणी, तूपभात. दर चमच्यामागं शालन तापायची. मग कपाळावर ओला पंचा, पायांवर ओला पंचा. पंचे वाळायच्या आत पुढचा अर्धा तास भरायचा. आठवड्यातून दोनदा रक्त गाळायला शहरात जायचं. एवढं करून वजन आठवड्याला दीड किलोऐवजी अर्धा किलो उतरायचं. यालाच यश म्हणायचं.

तिला आता धड बोलता येत नव्हतं. तापात ती गुंगीत असायची, ताप उतरला की थकून झोपायची आणि झोप लागायच्या आत चमचा यायचा. एकदा तिनं चमचा हातानं उडवून लावला.

"मला जाळू नगा वो," ती म्हणाली.

सर्जेरावांनी सांडलेली पेज पुसली, वाटी पुन्हा भरली आणि पुन्हा भरवली. दुसरं काय करणार? न भरवावं तर उपाशी मारल्याचं पाप, भरवावं तर हे. इकडं आड, तिकडं विहीर. त्यांचा स्वतःचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. तिच्यापुढं बसून आपण जेवायचं त्यांच्या जिवावर यायचं. उभ्या उभ्या कपबशीत काहीतरी कालवून घशाखाली ढकलायचे.

फाल्गुनात शालनला उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस पोटात पाणी सोडून काही ठरेना. सर्जेराव घाबरून गेले, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी तिसऱ्या दिवशी घेऊन या म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात गाडीची वाट बघत उभे होते, तर आतून भांड्याचा आवाज आला. जाऊन बघतात तर शालन स्वयंपाकघरात उभी.

"ह्यो काय अवतार करून ठेवलाय माझ्या फडताळाचा?" ती म्हणाली. "मीठ कुठं, हळद कुठं. आणि दुधाचं पातेलं असं घासत्यात व्हय?"

डोळे स्वच्छ, आवाज खणखणीत, अंग गार. सर्जेराव तिच्या कपाळाला हात लावून उभेच राहिले. मुंग्यांना जाळायला काही मिळालं नव्हतं, म्हणून त्या स्वस्थ होत्या. शालन त्यांच्या ओळखीची शालन झाली होती. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिला भिंतीवरच्या पंचांगातला वार वाचता आला. तिनं वृषालीला स्वतः फोन लावला आणि अर्धा तास तिच्या सासूच्या नकला केल्या. पलीकडं पोरगी हसत होती आणि मधेच रडत होती.

हॉस्पिटलात डॉ. कब्बूरांनी तिला तपासलं. शालनच बोलली. "डॉक्टर, खरं सांगा. मी खात ऱ्हायले तर किती दिवस?"

"अडीच महिने. कदाचित तीन."

"आणि अशी तापातच?"

"हो."

"आणि न्हाईच खाल्लं तर?"

डॉक्टरांनी सर्जेरावांकडं पाहिलं. "ते मी तुम्हाला सुचवू शकत नाही, ताई."

"सुचवू नगा. नुसतं सांगा."

"पंधरा दिवस. त्यांतले आठ-दहा असे, आजच्यासारखे. मग झोप वाढेल."

"तीन वर्षं निघायची न्हाईत म्हणजे. कसंबी केलं तरी."

"नाही," डॉ. कब्बूर म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "मी खूप शोधलं. नाही."

परतताना शालन खिडकीशी बसली. वाटेतले ऊस तुटून गेले होते, हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला त्याला चार दिवस झाले होते, धुराडं गार उभं होतं. तिनं सगळं बघितलं. घरी आल्यावर सर्जेराव सवयीनं पेज शिजवायला उठले, तर तिनं गॅस बंद केला.

"आता बास," ती म्हणाली.

"शालन, असलं बोलू नगंस. कंपनीत माणसं कामाला लागल्यात. उद्या काय निघंल कुणी सांगावं? अडीच महिन्यांत..."

"निघंल?"

सर्जेरावांच्या तोंडून हो निघेना. या बाईशी ते एकदाच खोटं वागले होते, तेही तिच्या पाठीमागं, एका काउंटरवर. तोंडावर बोलायला त्यांना जमेना.

"मी हात जोडतो तुला," ते म्हणाले. "मी भरवतो. माझ्या हातानं झालंय, माझ्या हातानं निस्तरू दे."

"निस्तरत न्हाई ते. तुमी रोज चमचा घेऊन येतासा, आणि मला तुमचं तोंड दिसतंय. मला त्या तापाचं न्हाई एवढं, तुमच्या तोंडाचं भ्या वाटतंय." ती ओट्याला टेकून उभी होती. "अडीच महिने तसलं तोंड बघत मरायचं, का आठ दिस माणसात ऱ्हायचं? मला काय ते कळतंय. तुमास्नीबी कळतंय."

कळत होतं. तेच तर सगळ्यात वाईट होतं. साखरेचा पॅन असता तर त्यांनी कुठंतरी झडप फिरवली असती, वाफ कमी केली असती, पाणी सोडलं असतं. इथं फिरवायला काहीच नव्हतं. ते स्वयंपाकघराच्या दारात खाली बसले आणि बसूनच राहिले.

थोड्या वेळानं पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला. शालननं परात घेतली, पीठ घेतलं, पाणी घेतलं. मळताना तिला दोनदा थांबावं लागलं, पण तिनं त्यांना जवळ येऊ दिलं नाही. भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. शेगडीवर दुसरीकडं वांगी शिजत होती. घरात दोन महिन्यांनी शेंगदाण्याच्या कुटाचा वास सुटला. तिनं पाट मांडला, ताट वाढलं, कांदा बुक्कीनं फोडला, तो एका बुक्कीत फुटला नाही म्हणून दुसरी मारली.

"बसा," ती म्हणाली.

"मला नको."

"दोन महिने बघतीया. उभ्यानं काय ते गिळतासा. इजार कमरंवर ठरंना झालीया. बसा मुकाट्यानं."

सर्जेराव पाटावर बसले. शालन समोर भिंतीला पाठ लावून बसली. भाकरीचा तुकडा मोडताना त्यांचा हात थांबला. तिच्यापुढं, जिच्या अंगी एक घासही लागत नाही तिच्यापुढं, हे कसं खायचं?

"माझ्याकडं बघू नगासा. ताटाकडं बघा. मीठ बरोबर हाय का तेवढं सांगा, मला चाखता येत न्हाई."

त्यांनी घास तोंडात घातला. वांगं मऊ झालं होतं, कुटाचा खमंगपणा जिभेला लागला. मीठ थोडं जास्त झालं होतं.

"बरोबर हाय," ते म्हणाले, आणि लगेच थांबले. "न्हाई. जरा जास्त झालंय."

शालन हसली. "मग असं सांगत जावा की."

ते खाली मान घालून जेवत राहिले. डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं, ते तिला दिसत होतं. दुसरी भाकरी निम्मी झाली. पोट केव्हाच भरलं होतं. शालन भिंतीचा आधार घेत उठली, तव्यावरची गरम भाकरी हातात घेऊन त्यांच्या ताटावर वाकली. तिचा हात गार होता.

"वाढू अजून?" तिनं विचारलं.

"वाढ," सर्जेराव म्हणाले.